तानुबाई पुसते

जरा पुढं सरकून बसा, मायबाप. सुलतानपूरच्या सप्ताहातल्या एका दुपारची गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे.

कीर्तनाला उभ्या राहिलेल्या काजलनं गळ्यातले टाळ काढून पायाशी ठेवले. कीर्तन अजून संपलं नव्हतं. पहिल्या रांगेत सप्ताहाचे कर्ते अर्जुनराव बसले होते. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "पोरी, मोबाईलवर पुण्यापर्यंत लोक पाहून राह्यले. 'पुसलं' नको म्हणू, 'विचारलं' म्हण. नाही तं काल्याचं कीर्तन दुसऱ्याले देतो." काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. गावच्या लेकीला ते आजवर मिळालं नव्हतं.

आणि काजल पाऊण तास 'पुसलं'च म्हणत होती.

"हा शब्द अडाणी नाही," ती म्हणाली. "संस्कृतात 'पृच्छति', प्राकृतात 'पुच्छइ'. आपल्यासारख्याच बायामाणसांच्या तोंडी तो वाढला. त्याची लेकरं मग घरोघर गेली. गुजरातेत पूछवुं, पंजाबात पुच्छणा, आपल्याकडं पुसणं. गफ्फारचाचा, तुमच्या घरी काय?"

मृदंगाला कातडं चढवून देणारे गफ्फारचाचा कडेला बसले होते. "हम तो पूछते, बेटी. तेरी चाची जवाब कहाँ देती."

मंडप हसला. अर्जुनरावांनी हातानं खूण केली, आटप.

काजलनं तिकडं पाहिलंच नाही. गावची जुनी रीत होती. कीर्तनकारानं मध्येच टाळ खाली ठेवले की कुणीही उठून शंका पुसावी, आणि उत्तर मिळेपर्यंत अभंग पुढं नेऊ नये. सात वर्षांपूर्वी गावातली तानुबाई अशीच 'एक पुसू काय' म्हणत उठली होती. पाहुण्या महाराजांनी तिच्या बोलण्याची नक्कल करून मंडप हसवला. तेव्हापासून टाळ खाली ठेवले जात, उठत कुणी नसे.

काजल उभीच राहिली. मृदंग थांबला.

"काल्याचं विसर मंग," अर्जुनराव बसल्या जागेवरून म्हणाले.

"हाव," काजल म्हणाली. टाळ तिनं उचलले नाहीत.

बायकांच्या शेवटच्या रांगेत तानुबाई गुडघ्यावर हात रेटत उठली.

"एक पुसू काय, काजल?"

"पुसा, मावशी."

"तुले नाही. यायले." तिचं बोट मंडपभर फिरलं आणि अर्जुनरावांपाशी थांबलं. "तो महाराज मले हसला, तवा तुमीबी हसले. काऊन?"

टाळकरी अभंगासाठी उभे होते. एकानंही टाळ वाजवला नाही. अर्जुनरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

देवाचं नाव घ्याल, मायबाप, तेव्हा तानुबाईचीही सय ठेवा. ती अजून उभी आहे.