एक्केचाळीस कलमं

फ्लॅट भाग्यश्रीकडे, गाडी तुषारकडे, दागिने ज्याचे त्याला. इंद्रपुरीतल्या आठ वर्षांच्या संसाराची वाटणी वकीलबाई शोभा मॅडमच्या टेबलावर, चहा निवायच्या आत उरकली. पुढचे आठ महिने घोडं अडलं ते दोन रात्रींपाशी. पाच वर्षांची सायली रविवारी दहा ते सहा बाबाच्या हबीबगंजच्या घरी जात होतीच. तुषारला शुक्रवार आणि शनिवारची रात्रही हवी होती, आणि भाग्यश्रीच्या तोंडून 'हो' निघत नव्हतं.

नाही म्हणायला कारण लागतं, म्हणून ती कारणं लिहीत गेली. सायलीचं दूध, सायलीचा खोकला, सायलीची झोप. वहीच्या चार पानांवर एक्केचाळीस कलमं झाली. हे सगळं तुषारच्यानं व्हायचं नाही, एवढं तिला स्वतःलाच पटवायचं होतं. कागद कुणाला दाखवायचे नव्हतेच. ते फाइलच्या खिशात राहिले, आणि खिशात दिसेल ते शिवायचं या नेमानं शोभा मॅडमच्या मुन्शीनं ते तडजोडीच्या अर्जाला जोडून टाकले, शिक्क्यासकट.

हे कळलं ते शेवटच्या तारखेला, फॅमिली कोर्टात. जजसाहेब पानं उलटता उलटता थांबले.

"मैडम, ये पीछे क्या लगाया है? ये तो मराठी में है."

शोभा मॅडमनी वाकून पाहिलं, मग भाग्यश्रीकडे पाहिलं. "सर, ग़लती से लग गया. निकाल देते हैं."

"लग गया है तो सुन लेते हैं."

 भाग्यश्री उठायला लागली तसा साहेबांनी हात केला. "आप बैठिए. बच्ची को रात में जिन्हें रखना है, वो पढ़ें. हिंदी में."

तुषारनं चष्मा पुसला. अक्षर ओळखीचं होतं. तिच्या वाणसामानाच्या याद्या त्यानं आठ वर्षं वाचल्या होत्या आणि दर वेळी काहीतरी विसरून आला होता. भाग्यश्री डोळ्यांत तेल घालून बसली. तो कुठे गाळतो, कुठे फिरवतो, तेवढंच तिला पकडायचं होतं.

"एक. दूध स्टील के गिलास में ही. प्लास्टिक में बास आती है, कहती है." तो वाचत गेला. "सात. चावल पे घी पहले, दाल बाद में."

"क्यों?"

"सर, नहीं तो खाती नहीं."

"मेरे घर में भी यही झगड़ा है," साहेब म्हणाले. "आगे."

सतराव्या कलमाशी त्यानं घसा खाकरला. आता गाळणार, भाग्यश्रीनं मनात म्हटलं.

"सत्रह. बच्ची के बाबा को एक बार बताने का कोई उपयोग नहीं. तीन बार बताना."

टायपिस्टची बोटं थांबली.

"मंज़ूर है?"

"मंज़ूर है, सर. चार कर दें तो और अच्छा."

शोभा मॅडमना एकाएकी खोकला आला. भाग्यश्री खाली मान घालून बसली. अजून सव्विसावं यायचं होतं, ज्याच्याखाली तिनं दोनदा रेघ मारली होती.

"छब्बीस. सोते समय आई का दाहिना कान पकड़ती है. और किसी के पास नींद नहीं आती." तुषार अडखळला. "सर, इसमें ज़रा सुधार है. मेरे यहाँ बायाँ पकड़ती है. दाहिनी तरफ़ दीवार है."

रविवारी दुपारी पोरगी तिथं झोपते, हे भाग्यश्रीला ठाऊकच नव्हतं. तिनं त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. पाळीवर नखाचा बारीक ओरखडा होता. अगदी तसाच तिच्या उजव्या कानावर होता. सकाळीच तिनं मलम लावलं होतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं ते हसू, आणि काही केल्या आवरेना.

"इकतालीस. रात को उठकर बोली कि आई चाहिए, तो..." तुषारनं कागद उलटून पाहिला. "आगे कुछ लिखा नहीं है, सर."

"तो क्या करना है?" साहेबांनी तिला विचारलं. "आप बताइए."

भाग्यश्री उभी राहिली. हिंदी सुचेना, म्हणून ती सरळ तुषारलाच म्हणाली, "आधी थोपटून बघ. नाहीच ऐकलं तर मला फोन कर, कितीही वाजू देत. पंधरा मिनिटांवर तर आहेस."

"मतलब?" साहेबांनी विचारलं.

"मतलब, सर," तुषार म्हणाला, "हाँ कह रही है."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली आणि शोभा मॅडमकडे पेन मागितला. आदेशाला ती चार पानंही जोडली गेली. बाहेर येताच तुषारनं त्यांची झेरॉक्स काढून घेतली. दोन प्रती. एक हरवेल म्हणून.

पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आठला फोन वाजला, तेव्हा भाग्यश्रीच्या हातात स्कूटरची किल्ली साडेसातपासूनच होती.

"आई," सायली म्हणाली, "बाबानं आधी वरण वाढलं."

"किती वेळा सांगितलंस त्याला?"

"दोनदा."

भाग्यश्रीनं किल्ली खुंटीला अडकवली. "मग अजून एकदा सांग, राणी. आणि जेवून घे."