अर्धी ओवी

सुमनबाईनं टोपलं भरावावर उलटं केलं, पदरानं तोंड पुसलं आणि खाली उतरायचं सोडून तिथंच उभी राहून पुटपुटू लागली. मागून येणाऱ्या हरणाबाईला तिचे ओठ हलताना दिसले.

"चल की गं पुढं. देवाला काय सांगायचं ते रविवारी सांग."

सुमनबाई पुढं झाली, पण ओठ काही थांबेनात. चार दिवस झाले, तिला भाकरी गोड लागत नव्हती की डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्र्याहत्तर सालचा मृग लागून आठवडा झाला होता, आभाळात ढगाचं नाव नव्हतं, आणि तलावाच्या दुष्काळी कामावरची सगळी माणसं वर बघत असताना ही बाई मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होती.

त्याचं असं झालं. ख्रिस्ती वस्तीत पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत. बाकीच्या रविवारी गुलाब मास्तर उपासना चालवत, आणि मास्तरांची एक खोड होती. शुभवर्तमानात जुन्या संदेष्ट्याचं वचन आलं की ते थांबत आणि जुन्या करारातलं मूळ वचन दुसऱ्याकडून वाचून घेत. निजामाच्या काळात ते पटवाऱ्याच्या हाताखाली होते. "नकलेवर भागत न्हाय, मूळ कागूद बघावा लागतो," असं म्हणत. मूळ वाचायचं काम सुमनबाईकडं, कारण वस्तीतल्या बायांत सातवीपर्यंत शिकलेली तेवढी तीच.

येत्या रविवारी लूकचं शुभवर्तमान होतं. नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहतो, यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि परमेश्वराच्या कृपेचं वर्ष, एवढं वाचून पुस्तक मिटतो. सुमनबाईनं घरी यशया काढला तेव्हा तिच्या अंगावर काटाच आला. यशयात वाक्य तिथं संपत नव्हतं. कृपेच्या वर्षामागोमाग, त्याच ओवीत (वचनाला वस्तीत ओवीच म्हणत), देवाच्या सुडाचा दिवस होता. येशूनं ओवी अर्धीच वाचली होती.

तिला तोच दिवस हवा होता, आणि तो कोंडिबाच्या तोंडावर वाचायचा होता.

कोंडिबा याच वस्तीतला, तलावावर मुकादम. होळीच्या सुमारास सुमनबाईची धाकटी बहीण जाईबाई, सात महिन्यांची पोटुशी, त्याच्याकडं पाणी पाजायचं काम मागायला गेली होती. सावलीतलं तेवढं एकच काम. ते त्यानं आपल्या सुनेला दिलं आणि जाईबाईच्या डोक्यावर टोपलं. तिसऱ्या दिवशी ती भरावावरून घसरली. बैलगाडी दवाखान्यात पोचायच्या आत आई आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली. लहानपणापासून सुमनबाई ज्याला मामा म्हणत आली, त्याला त्या दिवसापासून तिनं हाक मारली नाही. मामाही बोलला नाही. दर रविवारी खुशाल प्रार्थनाघर झाडत राहिला, घंटा देत राहिला, मोठं पुस्तक ट्रंकेतून काढून वाचणाऱ्याच्या हातात देत राहिला. त्या झाडण्याचाच तिला जास्त संताप यायचा.

शनिवारी काम सुटल्यावर ती थेट मास्तरांच्या ओसरीवर गेली.

"मास्तर, प्रभूनं अर्धीच ओवी वाचली. मी पुरी वाचणार. मूळ कागूद पुरा वाचायचा, तुमचाच नेम हाय."

मास्तर चष्मा पुसत राहिले. कुणासाठी वाचणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"वाच. नेम हाय." मग चष्मा चढवून म्हणाले, "प्रभूला पुढचं पाठ नव्हतं म्हनून थांबला आसंल?"

"मला काय ठावं?" सुमनबाई फणकारली आणि उठून आली.

रविवारी प्रार्थनाघराच्या पत्र्याखाली वस्ती जमली. मास्तरांनी लूक वाचला; येशूनं पुस्तक मिटून सेवकाला परत दिलं आणि तो खाली बसला, इथवर. मग सुमनबाई उठली. कोंडिबानं मोठं पुस्तक आणून तिच्या हातात दिलं आणि रिवाजाप्रमाणे बाजूला उभा राहिला. वाचून झालं की परत घ्यायचंही त्यानंच.

तिचा आवाज खणखणीत लागला. कृपेच्या वर्षाशी आली तेव्हा मागं कुणीतरी खाकरलं. तीन सालं पाण्यावाचून काढलेल्या माणसानं खाकरावं, यात नवल नव्हतं. तिनं श्वास घेतला. पुढचे शब्द बोटाखालीच होते. ठरवल्याप्रमाणे तिनं मान वळवून कोंडिबाकडं पाहिलं.

छडी खाणाऱ्या पोरासारखा तो डोळे मिटून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. अक्षर न येणारा माणूस, पण चाळीस वर्षं याच पत्र्याखाली ऐकत आलेला. तिच्या बोटाखालचे शब्द तो आधीच म्हणत होता.

सगळ्यांचे डोळे तिच्यावर लागले होते. हरणाबाईनं नातीला गप्प केलं. सुमनबाईला राग आला, कोंडिबाचा, मास्तरांचा आणि सगळ्यांहून जास्त स्वतःचा. तिनं पुस्तक मिटलं.

कोंडिबा पुढं झाला नाही. त्यानं डोळे उघडले आणि तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला,

"बाई, आजून ऱ्हायलंय."

"ठावं हाय, मामा," ती म्हणाली, आणि पुस्तक त्याच्या हातात देऊन खाली बसली.