गोठ्याचं पाणी

अणदूरच्या शिवारात चाँदबीचा गोठा वरच्या अंगाला होता आणि तुळजाबाईची विहीर बांधाखाली. त्या पावसाळ्यात तुळजाबाईच्या घरात एकेकाला हगवण लागली. धाकटी सून तर अंथरुणालाच खिळली. कुणी म्हणे बाधा झाली, कुणी म्हणे देवीचा कोप.

एका सकाळी गोठा धुताना चाँदबीची नजर पाण्यामागं गेली. शेणामुताचं पाणी बांधाच्या भेगेत शिरत होतं आणि खाली विहिरीच्या दगडांतून पिवळं पाझरत होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती ओल्या पायांनी तशीच तुळजाबाईच्या दारात गेली.

"अक्का, तुमच्या विहिरीत माझ्या गोठ्याचं पाणी जातंय. म्या आजच बघितलं. ते पिऊ नका."

तुळजाबाईनं कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"चल, दाखव कुठं जातंय ते."

दोघींनी तीन दिवस खपून विहिरीपासून लांब, उताराकडं चर खणला आणि घाण पाणी पडीक तुकड्यात सोडलं. तिथं चाँदबीनं केळी लावल्या. तुळजाबाईच्या मालकानं मोट जुंपून विहीर उपसली, दवाखान्यातलं लाल औषध टाकलं.

दसऱ्यापर्यंत सून हिंडूफिरू लागली. केळीही कमरेएवढ्या झाल्या होत्या. एक दिवस सूनच बांधावर आली आणि म्हणाली, "चाची, आमच्या परड्यातलं सांडपाणीबी तुमच्या चरात सोडू का?"

"सोड की," चाँदबी म्हणाली, "अजून चार केळी लावू."