पट्ट्यावरची जाळी

जनकाबाईला गिरणीची भीती वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. दहा बायकांच्या बचत गटाने बँकेकडून कर्ज काढून पिठाची गिरणी घेतली, आणि चालवायला सगळ्यांनी मिळून तिलाच पुढे केलं. गिरणी चालली तर तिची निंदणी-खुरपणीतून सुटका होणार होती. तिच्या मागून अनुसयाबाईला शिलाई मशीन मिळणार होतं, मग कुणाला शेळ्या. नाही चालली, तर दहाही जणी पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर.

गिरणी जुनी, आखाडा बाळापूरहून आणलेली. इतकी स्वस्त का मिळाली, ते टेम्पोवाल्याने सामान उतरवून झाल्यावर सांगितलं. मोटरीच्या पट्ट्यात पदर ओढला जाऊन गिरणीच्या आधीच्या मालकाची तरणी सून, वैष्णवी, जागीच गेली होती.

दोन दिवसांत गावभर झालं. बायका डोक्यावर दळण घेऊन जनकाबाईच्या दारावरून पुढे, थेट शिरड शहापूरला जाऊ लागल्या.

"इतक्या उन्हात काहून चालली गं? हितं दे की दळून."

"आमाला भाकर खायची हाय, माय. गिरणीनं आमाला खायला न्हाई!"

अनुसयाबाई एक दिवस लिंबू-मिरच्या घेऊन आली.

"बांध दारावर. लोकाईचं समाधान तरी व्हईल."

"बाबासाहेबांच्या फोटोखाली लिंबू बांधू व्हय?"

"मग तूच काढ इलाज."

इलाज एकच सुचला. जनकाबाईने लोहाराकडून लोखंडी जाळी करून घेतली आणि पट्टा आणि चाकं वरून खालून झाकून टाकली. गावाने ती पाहिली, मान हलवली आणि शिरडचीच वाट धरली. गटातल्या बायकांचं दळण तेवढं येई. खटका दाबला की जनकाबाई भिंतीला पाठ लावून उभी राही. पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना दर फेऱ्याला फट् असा आवाज येई, आणि प्रत्येक आवाजाला तिचा हात आपोआप पदराकडे जाई. भूतखेत ती मानत नव्हती. पट्टा मात्र समोर फिरत होता.

अकराव्या दिवशी, दुपारची लाइट नुकतीच आली होती. दारात एक अनोळखी म्हातारी उभी राहिली. हातात ज्वारीची लहानशी पिशवी, पाय धुळीने भरलेले.

"हीच का बाळापूरची गिरणी?"

"व्हय. तुमी कोण, मावशी?"

"मी गोजरबाई. वैष्णवीची माय."

जनकाबाईने दाराबाहेर पाहिलं. समोरच्या ओट्यावर बायका जमू लागल्या. आता ही बाई छाती पिटून रडेल, शाप देईल, आणि उद्यापासून इथे चिमणीसुद्धा फिरकणार नाही.

गोजरबाई रडली नाही. आत आली. "कुठून ओढलं माझ्या लेकराला?"

जनकाबाईने बोट दाखवलं. म्हातारीने जाळीवरून हात फिरवला. बोट आत जातं का ते पाहिलं. जात नव्हतं.

"ही तवा व्हती का?"

"न्हाई. आमी बसवली."

गोजरबाई बराच वेळ जाळी धरून उभी राहिली. मग पिशवी पुढे केली. "लाव."

"मावशी, तुमच्यासमोर..."

"त्याच्यासाठीच आले. लाव म्हणते ना!"

जनकाबाईने ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली. ती खटक्याकडे वळली, तोच म्हातारीने मागून तिचा पदर धरला. गोजरबाईने पदर कमरेभोवती गुंडाळला, घट्ट खोचला, ओढून पाहिला, पुन्हा खोचला. लहान पोरीला शाळेत पाठवताना आई करते, तसं.

गिरणी सुरू झाली. फट्, फट्. म्हातारीने पट्ट्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिची नजर जनकाबाईच्या कमरेवर होती.

पीठ पडलं. जनकाबाईने खटका बंद केला. ओट्यावरच्या एकीने डोक्यावरची दळणाची टोपली उतरवून दाराशी ठेवली. गोजरबाईने ऊन पिठात हात घातला, तसाच थोडा वेळ ठेवला, मग पिशवी बांधून निघाली. जनकाबाईचा हात खोचलेला पदर सोडायला कमरेकडे गेला, तशी ती उंबऱ्यात थांबली.

"चाक थांबलं का?"

जनकाबाईने वळून पाहिलं. जाळीच्या आत चाक अजून गरगरत होतं.

"न्हाई, मावशी. फिरून राहिलं."

"मग पदराला हात लावू नको."