ओघळलेला डोळा

चित्रकार ॲम्ब्रोज थर्कलच्या चित्रांतल्या सावल्या अख्ख्या लंडनात नावाजलेल्या होत्या, कारण तो तेलरंगात डांबर मिसळायचा. काळपट सोनेरी रंग असा खुलायचा की जुन्या उस्तादांनी झक मारावी. फक्त तो कधी पुरता वाळायचा नाही, आणि हे गिऱ्हाइकाला कोण सांगत बसणार?

विधवा पेलोबाईंनी आपल्या मेलेल्या लेकीचं, लेटिसचं, चित्र त्याच्याकडून नुसत्या वर्णनावरून करवून घेतलं आणि शेकोटीच्या वर टांगलं. पुढच्याच हिवाळ्यात त्यांनी त्याला बोलावणं धाडलं. लेटिसचा डावा डोळा ओघळून गालावर आला होता.

"तिचा एवढाच चेहरा माझ्यापाशी उरलाय, थर्कलसाहेब," बाई म्हणाल्या. "तोही निघाला फिरायला."

"उलटं टांगा, बाई. डोळा आला तसा परत जाईल. पण उबेत नको, नाहीतर कपाळावर चढेल. वरच्या थंड खोलीत ठेवा."

"एकटीला? ती अंधाराला घाबरते."

"मग इथली शेकोटी विझवा," थर्कल वैतागून म्हणाला आणि टोपी चढवून चालता झाला.

वसंतात तो पुन्हा आला, तेव्हा मोलकरणीनं दार उघडलं.

"बाई गेल्या, साहेब. थंडीनं छाती भरली. कोळसा होता हो घरात, पण पेटवूच देत नव्हत्या."

थर्कलनं चित्र सुलटं केलं. डोळा वर सरकून जागेवर बसला होता, निदान त्याला तसं वाटलं.

"बघ गं, जुळतो का चेहरा?"

"मला काय ठाऊक?" मोलकरीण म्हणाली. "तिला पाहिलेलं या घरात आता कुणी नाही."