घटाची माती

पाचवी माळ झाली तरी मुक्ताबाईनं बसवलेला घट उगवेना. माती दरवर्षीसारखी कालव्याकडच्या रानातलीच होती. बी तिचं, सासूपासून मडक्यात राखेत जपलेली शाळू ज्वारी. तिनं बोटानं उकरलं. चिंब मातीत पडूनही दाणे फुगलेसुद्धा नव्हते आणि वर पांढरा खार फुटला होता. जोतीरामनं, तिच्या नवऱ्यानं, बारा वर्षं त्या रानात उसाला मोकाट पाणी सोडलं होतं. आता ऊस खुरटला म्हणून तिथंच ज्वारी पेरायची म्हणत होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घट उगवला नाही म्हटलं की गाव मातीला बोल लावत नाही. घरात नवी सून असताना मातीची काय गरज! आरोहीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बसवलेला घट हलवायचा नसतो, तरी दुपारी घर रिकामं बघून मुक्ताबाईनं तो हलवला. खालची माती काढली, तुळशीतली घातली आणि नवे दाणे टाकले.

दसऱ्याला जोतीरामनं बोटभर अंकुर टोपीत खोवले. "बघ की, रान लई झ्याक हाय! सगळं बी काढ."

"थोडं ठिवूया की घरात."

"घटानं कौल दिला नि तू अडवतीस व्हय?"

निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं! नाही उघडलं. घाबरट बाई, तिनं मडकं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

पंधरा दिवसांनी रानात कुठंकुठं शेंडे करपलेली चार रोपं उभी होती. बाकी सगळं उघडं. बांधावर माणसं जमली आणि जोतीराम मोठ्यानं म्हणाला, "बायकूचं बीच नासकं निगालं."

वीस वर्षं तिच्याकडून बी नेणारी शेजारची सोजरबाई म्हणाली, "बरं झालं बाई, औंदा मी दुकानातनं आणलं."

ते मात्र मुक्ताबाईला सोसवलं नाही. "बी चांगलं हुतं! घट तुळशीच्या मातीत उगवला. मीच माती बदलली. ह्या रानात खार हाय, हितं काय बी उगवायचं न्हाय."

जोतीराम हसला. "आता लाज झाकाया काय बी बोल."

तो त्याच रानासाठी बियाण्याची नवी पिशवी आणायला मोहोळला गेला. मुक्ताबाईनं घरी येऊन मडकं पालथं केलं, तळाशी हात फिरवला. हाताला राख तेवढी लागली.