दोन डावे बूट

"आत्याबाई, लेकराला लेस बांधता येत न्हाई. चिकटपट्टीचे घेऊ," प्रियांकानं जिंतूरच्या बुटांच्या दुकानात पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

तिच्या सासूबाई, बायनाबाई, ऐकायला तयार नव्हत्या. बोरीहून एसटीत उभ्यानं यावं लागल्यानं त्यांचे गुडघे ठणकत होते.

"शाळेनं लेसचेच सांगितलेत न्हवं? मंग? आन् दोन नंबर मोठा दे रे बाबा," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "लेकराचे पाय काय वाढायचे थांबत्यात का?"

साडेतीन वर्षांच्या योगीराजला यातलं काहीच नको होतं. चालताना टाचेत लाल दिवे लागणारा एक बूट त्यानं पायात अडकवला होता. तो काढायला कुणी हात लावला, की तो फरशीवर पालथा पडून भोकाड पसरत होता.

गावातल्या इंग्रजी शाळेनं नर्सरीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना एकच नियम लावला होता. काळे बूट, लेसचे. शेवटी तेच घेतले, दोन नंबर मोठे. घरी आल्यावर बायनाबाईंनी बुटांच्या टोकात कापूस कोंबला आणि म्हणाल्या, "बघ, कसे बसले."

बसले म्हणजे, योगीराज त्यात बदकासारखा फताड्या पायांनी चालायला लागला. रोज सकाळी दारात शाळेची गाडी हॉर्न मारायची, प्रियांका उंबऱ्यावर बसून लेस बांधायची आणि तो अंगणातल्या चिखलापर्यंत जाईस्तोवर एक तरी सुटायची. त्यात पोरगं एकदा ओल्या चड्डीनं घरी आलं. शाळेत शूला जाताना बूट काढून चप्पल घालावी लागे, आणि मॅडम लेस सोडेपर्यंत त्याला दम निघाला नव्हता.

एका गुरुवारी तो आला तो लंगडतच. प्रियांकानं पायाकडं बघितलं. दोन्ही बूट डावे.

"कुणाचा घालून आलास रे?"

"माजाच हाय."

"दोन्ही तुजेच?"

"व्हय."

तिनं कपाळावर हात मारला. दोन्ही बुटांचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, कुणाकडं दोन उजवे आलेत का? एका आईनं अंगठ्याचं चित्र टाकलं. दुसरीनं आपल्या पोराची हरवलेली पाण्याची बाटली विचारली. एकानं गुलाबाच्या फुलांसकट शुभ सायंकाळ पाठवली. दोन उजव्यांचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी योगीराजला चपलेवरच शाळेत धाडलं आणि सुटायच्या वेळी प्रियांका स्वतः गेली. व्हरांड्यात खेळाच्या तासाला काढलेल्या काळ्या बुटांचा ढीग पडला होता, सगळे सारखेच. मधोमध नर्सरीच्या स्वरदा मॅडम फरशीवर बसल्या होत्या, आणि चहूबाजूंनी लेकरांनी त्यांच्यापुढं पाय लांब केले होते.

"मी काय करू, ताई?" मॅडम मान वर न करताच म्हणाल्या. "शेवटचं गाणं बुडवून रोज मी हेच करते. सरांना दोनदा सांगितलं."

प्रियांका खाली बसली आणि समोर आलेल्या पायांत बूट चढवायला लागली. खांबाला टेकून एक मुलगी गप्प बसली होती. अबोली तिचं नाव. तिच्या पायांत दोन्ही उजवे बूट होते. प्रियांकानं ते काढले, तर डाव्या पायाच्या बोटांवर फोड येऊन फुटला होता.

"अगं बाई! घरी सांगितलं न्हाईस का?"

"सांगितलं की. आई म्हणली, नवे हायेत, चावणारच."

कालपासून प्रियांका नुसती चिडली होती. आता मात्र ती अबोलीचा हात धरून ऑफिसकडं जायला उठली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचे श्रीराम सर ऑफिसातून बाहेर आले.

"मॅडम, अजून पोरं बाहेर का आली नाहीत?"

"सर, आधी हे बघा." प्रियांकानं अबोलीचा पाय त्यांना दाखवला. "एवढ्याशा लेकरांना लेस कशाला? आमालाच ती धड बांधता येईना."

"अहो, शिस्त लहानपणापासूनच लावावी लागते."

"लावा ना. आमचं काही म्हणणं न्हाई. ह्या पोराला तुमी शिकवा, मी बघत बसते." तिनं एका पोराला त्यांच्यापुढं उभं केलं.

सर पँट सावरत उकिडवे बसले आणि त्यांनी नीट गाठ मारली. पोरानं एक टोक ओढलं. गाठ सुटली. पोराला गंमत वाटली. सरांनी पुन्हा बांधली, त्यानं पुन्हा ओढली आणि खदखदून हसला. बाकीचीही आपापले पाय पुढं करून "सर, माजी! सर, माजी!" करायला लागली. बाहेर हॉर्न थांबेना. सरांच्या कपाळावर घाम आला.

"बरं, बरं," ते गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले. "काळे असले म्हणजे झालं. नर्सरीला चिकटपट्टी चालेल."

"ग्रुपवर टाका, सर. आत्ताच."

त्यांनी तिच्यासमोरच टाकलं.

रविवारी पुन्हा जिंतूर. दुकानात बायनाबाईंनी "दोन नंबर..." म्हणायला तोंड उघडलं, तशी प्रियांका म्हणाली, "आत्याबाई, तुमी समोरच्या हॉटेलात भजे खा. मी आलेच." मग तिनं योगीराजला बूट घालून उभं केलं, पुढं अंगठा दाबून बघितला, चालवलं, पळवलं. त्यानं पट्टी स्वतः लावली. चर्र. स्वतः काढली. चर्र. दिव्यांच्या बुटांकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. एसटीत तो बोरीपर्यंत तेच करत होता, आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून वळून बघत होता.

मंगळवारी दुपारी स्वरदा मॅडमचा मेसेज आला. "ताई, योगीराज वर्गात दिवसभर पट्टी उघडझाप करतोय. त्याचं बघून सगळेच करतायत. घरी जरा समजावून सांगा."

प्रियांकानं मेसेज वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि चहाला आधण ठेवलं.